ऐकलं तसं : एका घरगुती शब्दसंग्रहाची प्रस्तावना

पैठणच्या सातवाहन राजाची एक गोष्ट सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. वसंताचे दिवस, बागेतलं तळं, आणि राजा राण्यांसोबत जलक्रीडेत रमलेला. एका राणीवर तो सारखं पाणी उडवतोय. ती दमली आणि संस्कृतात म्हणाली, 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने मारू नका. बोलताना संधी झाला आणि तोंडातून 'मोदकैः' असा एकच शब्द बाहेर पडला. राजाला वाटलं, ही मोदकांनी मारा म्हणतेय. त्याने ताबडतोब मोदक मागवले. ते आले तशी राणी हसत सुटली. पाण्यात मोदक कशाला, आणि 'मा' नि 'उदक' यांचा साधा संधी तुम्हाला कळू नये, असं ती सगळ्यांदेखत बोलली. सेवकही हसले. राजा महालात जाऊन पडून राहिला, जेवेना, बोलेना. मग त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. पैज लागली, शर्ववर्म्याने ती जिंकली, आणि त्यातून 'कातंत्र' हे सुटसुटीत व्याकरण जन्माला आलं. हरलेल्या गुणाढ्याने ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा सोडल्या आणि 'बृहत्कथा' पैशाची भाषेत लिहिली.

ही गोष्ट बहुतेक वेळा व्याकरणाचं महत्त्व पटवायला सांगतात. मला ती एका घराची गोष्ट वाटते. सातवाहनांचे बहुतेक शिलालेख प्राकृतात आहेत. 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह त्यांच्यातल्याच हाल राजाच्या नावावर आहे. प्राकृत कानात मुरलेल्या माणसाने एक अनोळखी जोडशब्द ऐकला आणि त्याचा ओळखीचा, गोड अर्थ लावला. बायकोने मागितलं असं वाटलं, ते तिच्यापुढे हजर केलं. कानाने दगा दिला खरा, पण त्याच्या मनात काय होतं ते त्या मोदकांत स्पष्ट दिसतं. बिनसलं ते चारचौघांत हसल्यामुळे. तीच राणी रात्री दोघंच असताना हसली असती, तर त्या राजवाड्यात 'मोदक' हा शब्द 'आता पुरे' या अर्थाने पिढ्यान्‌पिढ्या चालला असता, आणि पाहुण्यांना त्याचा पत्ताही लागला नसता.

या संग्रहात असे घरगुती मोदक आहेत. चुकीचे ऐकलेले, चुकीचे उच्चारलेले, आणि चूक कळल्यावरही घराने हट्टाने तसेच ठेवलेले शब्द. ते मिळवायची रीत साधी होती. लग्नामुंजीत, बारशाला, दिवाळीत कुणाकडे गेल्यावर मी विचारायचे : तुमच्या घरात असा कुठला शब्द आहे, जो बाहेरच्याला कळणार नाही? उत्तर जवळजवळ ठरलेलं असायचं. 'छे, आमच्याकडे तसं काही नाही.' मग चहा यायचा, विषय बदलायचा, आणि तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडायचं, 'अगं, तिला ताताचं सांग की!' त्यानंतर तासभर कुणी कुणाला बोलू द्यायचं नाही. प्रत्येक शब्दामागे दोन-तीन साक्षीदार असतात आणि प्रत्येकाची हकीकत निराळी असते, हे लवकरच लक्षात आलं. म्हणून नोंदीत शब्दाबरोबर नातं, साधारण वय, गाव आणि प्रसंग दिला आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत.

इंग्रजीत अशा चुकीच्या ऐकण्याला एक नाव आहे आणि तेही एका घरातूनच आलं. सिल्व्हिया राइट या अमेरिकी लेखिकेला लहानपणी तिची आई जुन्या पोवाड्यांचं पुस्तक वाचून दाखवायची. त्यात एका स्कॉटिश सरदाराला मारून हिरवळीवर निजवल्याचं वर्णन होतं. 'हिरवळीवर निजवलं' या अर्थाचे इंग्रजी शब्द मुलीला 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकू आले, आणि सरदाराच्या सोबत मरण पत्करणारी एक बाई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पुढे १९५४ मध्ये 'हार्पर्स' मासिकात लेख लिहून तिने अशा सगळ्या शब्दांना 'मॉन्डेग्रीन' हेच नाव दिलं. आपण ऐकलेलं मुळापेक्षा सरस आहे, असं तिचं म्हणणं होतं. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की तो सरदार तिच्या गोष्टीत एकटा मेला नाही. ऐकणाऱ्या मुलीने त्याला सोबत दिली.

मराठी घरात मात्र या प्रकाराचं पीठ म्हणजे आरती. संग्रहाचा सर्वांत जाड भाग आरत्यांचाच आहे आणि तो तसा का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

गणपतीत आरतीला उभं राहिलेलं पाच-सहा वर्षांचं पोर नीट पाहावं. त्याची उंची मोठ्यांच्या कमरेएवढी. समोर मूर्ती दिसत नाही, काकाच्या धोतराचा सोगा दिसतो. कानाशी झांजा, पाठीमागे टाळ्या, आणि वरून मोठ्यांचे आवाज कोसळताहेत. शब्द लिहिलेले कुठेच नाहीत, अर्थ कुणी सांगितलेला नाही, आणि थांबून विचारायची सोय नाही, कारण कापूर पेटलेला आहे. अशा वेळी पोर गप्प राहत नाही. जे कळलं ते तितक्याच मोठ्याने म्हणतं. 'फणिवरबंधना' त्याला 'फळीवर वंदना' असं ऐकू येतं. ही चूक महाराष्ट्रात इतक्या घरांत झाली आहे की ती कुणा एकाच्या मालकीची राहिलेली नाही. आणि तिचा अर्थ अगदी चोख लागतो : कित्येक घरांत देव भिंतीतल्या फळीवरच असतात, आणि रोज संध्याकाळी आजी पोराला त्या फळीपुढे उभं करून नमस्कार करायला लावते. फणिवर म्हणजे मोठा नाग, आणि गणपतीने तो पोटाला बांधला आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. उंदरावरून पडल्यावर गणपतीचं पोट फुटलं, खाल्लेले मोदक बाहेर आले, ते पुन्हा आत घालून त्याने वरून नाग आवळून बांधला, आणि हे पाहून चंद्र हसला म्हणून त्याला शाप मिळाला. चुकलेल्या शब्दापाशी थांबून एखाद्या आजोबांनी ही गोष्ट सांगितली की ते पोर तो शब्द जन्मात विसरत नाही.

'संकटी'चं 'संकष्टी' होतं, कारण संकट अजून पाहिलेलं नसतं, पण संकष्टीला आईचा उपास आणि चंद्रोदयापर्यंत लांबलेलं जेवण घरात असतं. शेवटच्या कडव्यातल्या 'सदना'चं 'सजणा' होतं. हे मोठी माणसंही करतात, भर मांडवात, ध्वनिक्षेपकावरून. सदन हा शब्द आता इमारतींच्या नावांत आणि विधिमंडळाच्या बातम्यांत उरलाय. सजणा गाण्यांमुळे रोज कानावर पडतो. नामदेवांच्या नावावर असलेल्या विठ्ठलाच्या आरतीत 'कुरवंड्या' आहेत. त्यांचे 'सुरवंट्या' झालेले मी अनेक गावांतून ऐकले. पावसाळ्यात पडवीच्या भिंतीवर चढणारे सुरवंट पोराने पाहिलेले असतात. कुरवंडी म्हणजे ओवाळणी, हे आज किती घरांत कुणाला सांगता येईल? मंत्रपुष्पांजलीतलं 'भौज्यं' हे राज्याच्या एका प्रकाराचं नाव आहे. ते 'भोज्यं' समजून नैवेद्याच्या ताटाकडे पाहणारं पोर मला एका ओळखीच्या घरात भेटलं आणि त्याच्या तर्कात मला काहीही वावगं दिसलं नाही.

आरत्यांचा हा भाग लावताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. चूक वाट्टेल तिथे होत नाही. जो शब्द घरातून उठून गेला आहे, नेमका तिथेच कान अडखळतो. विठ्ठलाच्याच दुसऱ्या आरतीतला 'निढळ' घ्या. निढळ म्हणजे कपाळ. कपाळावर हाताचा आडोसा धरून वाट पाहणारं माणूस हे किती स्पष्ट चित्र आहे! पण कुणी त्याचं 'निर्मळ' करतं, कुणी तो शब्द तोंडातल्या तोंडात गिळून पुढे जातं. 'निढळाचा घाम' आपण अजून म्हणतो, पण तो घाम कपाळावरचा आहे हे विसरून. घराघरांतल्या अशा चुका एकत्र ठेवल्या तर कोणते शब्द कधी निघून गेले याचा नकाशाच हाती येतो. कोशात शब्द आहे की नाही एवढं कळतं. तो आजीच्या तोंडी होता आणि नातवाच्या कानापर्यंत पोचला नाही, हे कळायला चुकलेली आरतीच लागते.

कान असा का वागतो, याचाही थोडा उलगडा झालेला आहे. बोलताना शब्दांच्या मध्ये जागा नसते. ती आपण मनाने पाडतो. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिलं, की ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दाचा एक ध्वनी पुसून तिथे खोकल्याचा आवाज घातला, तरी ऐकणाऱ्यांना तो शब्द पुरा ऐकू येतो आणि खोकला नेमका कुठे आला हेही सांगता येत नाही. आरतीत खोकल्याचं काम झांज करते. बुजलेलं अक्षर पोर स्वतःच्या पदरचं घालतं, आणि आपण घातलं याचा त्याला पत्ता नसतो.

आता उच्चाराकडे वळते, कारण ऐकणं बरोबर असूनही जीभ ऐकत नाही, अशी या संग्रहातली दुसरी मोठी जात आहे. लहान मुलाला जीभ मागे नेऊन काढायचा 'क' जड जातो. पुढच्या पुढे दाताशी 'त' काढणं सोपं. म्हणून काकाचा ताता होतो, काकूची तातू. 'र' सगळ्यांत उशिरा येणाऱ्या ध्वनींपैकी, तोवर 'ल'वर भागवावं लागतं. मुलाला बरोबर उच्चार ओळखता येत नाही असं मात्र नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी १९६० मध्ये नोंदवलेला एक संवाद प्रसिद्ध आहे. एक मुलगा आपल्या प्लॅस्टिकच्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणायचा. मोठ्या माणसाने विचारलं, हा तुझा फिस का? मुलगा चिडला : नाही, फिस! बऱ्याच वेळाने कुणी 'फिश' म्हटलं, तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, हो, माझा फिस. आपल्याकडे हाच प्रसंग रोज घडतो. 'ताता आला' म्हणणाऱ्या पोराला लाडात येऊन 'ताता आला का?' म्हणून पाहा. ते तुमच्याकडे असं बघेल की जणू तुम्हाला बोलता येत नाही.

जुन्या शास्त्रकारांना असली सूट मान्य नव्हती. पतंजलीने महाभाष्यात व्याकरण का शिकावं याची कारणं देताना असुरांची हकीकत दिली आहे : शत्रूंना हाक मारताना असुर 'र'च्या जागी 'ल' काढत 'हेलयः हेलयः' म्हणाले, आणि हरले. यज्ञातल्या उच्चाराबद्दल त्याचा आग्रह मी समजू शकते. पण तोच 'र'चा 'ल' करून 'आजी, मला लवा दे' म्हणणाऱ्या नातीला रव्याचा अख्खा डबा मिळतो, आणि ती मोठी होऊन तिचा 'र' खणखणीत झाला तरी त्या घरात रव्याचा लाडू 'लव्याचा'च राहतो. यात भाषेचं काहीच बिघडत नाही, असं माझं ठाम मत आहे. नातीला दोन्ही शब्द येतात. एक सगळ्या जगासाठी, एक घरासाठी.

ताताची नोंद मुद्दाम पूर्ण दिली आहे, तिचं थोडक्यात वर्णन इथे करते. पुतण्याने काकाला ताता केलं तेव्हा काका कॉलेजात होता. मग त्याचे मित्र त्याला ताता म्हणू लागले, मग आई. त्याचं लग्न ठरलं, पत्रिका छापायला गेली. मराठी पत्रिकेत खाली एक ओळ असते : आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! तिच्याखाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. छापखान्यात दिलेल्या कागदावर 'ताताच्या' लिहिलेलं होतं. छापणाऱ्याला वाटलं, हात चुकला असणार. त्याने आपल्या समजुतीने 'तात्याच्या' करून टाकलं. कच्चं मुद्रित घरी आलं आणि पुतण्याने रडून घर डोक्यावर घेतलं. ताता आणि तात्या हे दोन वेगळे इसम आहेत, हे त्याला पटवून द्यावं लागलं नाही, बाकीच्यांना द्यावं लागलं. आजोबांनी स्वतः जाऊन दुरुस्ती करून आणली. ती पत्रिका त्यांनी मला दाखवली तेव्हा पुतण्या स्वतः बाप झालेला होता, आणि त्याचं पोर त्या काकाला 'ताताआजोबा' म्हणत होतं.

मुलांच्या व्याकरणाच्या चुका या संग्रहात थोड्याच घेतल्या आहेत. 'मी येलो', 'मी करलं', एकोणतीसला 'नववीस' असं म्हणणारी मुलं सर्वत्र सारखाच नियम लावत असतात, आणि नियम बरोबर लावतात. आडमुठी असते ती भाषा. या चुकांवर वेगळं पुस्तक व्हायला हवं.

वडीलधाऱ्यांचे शब्द ही तिसरी जात. इंग्रजी, पोर्तुगीज, फारसी शब्द कानांनी घरात आले आणि तोंडाला जमेल तसे बसले. घरातल्या एखाद्या आजींनी 'सिग्नल'ला 'सिंगल' आणि 'रिक्षा'ला 'रिस्का' म्हटलं की नातवंडं हसतात. पण ज्या घासलेटवर त्या आजींनी स्टोव्ह पेटवले, तो 'गॅसलाइट'चा मराठी कानाने केलेला अवतार आहे. रेल्वेचा फलाट 'प्लॅटफॉर्म'मधून आला, लिलाव पोर्तुगीज 'लेलाँव'मधून. अफोन्सोचा हापूस झाला. गोव्यात रंगाने फिका म्हणून पोर्तुगिजांनी 'मालकोराद' म्हटलेल्या आंब्याचा मानकुराद झाला, आणि नावात आता फिकेपणाचा मागमूसही नाही. उलट मान आला आहे. साहेबांनीही आपल्या शब्दांचं हेच केलं. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला, आणि यूल व बर्नेल यांनी १८८६ मध्ये काढलेल्या अँग्लो-इंडियन व्यवहारातल्या शब्दांच्या जाडजूड कोशाला तेच नाव दिलं. तेव्हा आजींच्या रिस्क्याला हसताना एवढं ध्यानात असावं, की पुरेशा तोंडांतून गेलेला शब्द कोशात बसतो आणि एकाच तोंडात राहिलेला तेवढा चुकीचा ठरतो.

हे आपल्या डोळ्यांदेखतही घडलं. २०२० मध्ये 'क्वारंटाइन' हा शब्द महिन्याभरात घरोघर पोचला, आणि पोचता पोचता त्याचं 'कोरोन्टाइन' झालं. कोरोनामुळे कोंडून घेणं म्हणजे कोरोन्टाइन. मूळ शब्दात नसलेला अर्थ लोकांनी त्यात भरून टाकला. त्या वर्षातल्या अनेक नोंदी संग्रहात आहेत. त्या ज्यांच्या आहेत त्यांच्यापैकी काही जण आज नाहीत. त्यांच्या घरच्यांनी त्या आपणहून लिहून दिल्या.

वयाचा एक भाग मात्र मी हसण्याच्या यादीतून काढला आहे. 'साखर आण' म्हटल्यावर आजोबा भाकर आणतात, तेव्हा घर हसतं. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू यायचे कमी होतात. 'स', 'श', 'फ', 'त' यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीतली, म्हणून ती गळतात आणि स्वर तेवढे राहतात. 'साखर'मधला 'स' गळला की मागे 'आखर' उरतं, आणि कान ते 'भाकर' म्हणून पुरं करतो. असे प्रसंग वारंवार होत असतील तर कानाच्या डॉक्टरांकडे जावं. पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं सगळ्यांच्या बरोबर हसतात आणि हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतात; घरच्यांना वाटतं, वयामुळे अबोल झाले. मुलांचंही तसंच. मूल बोलायला फार उशीर करत असेल, किंवा शाळेत जायच्या वयात घरच्यांनाही त्याचं बोलणं कळत नसेल, तर ताता-तातूचं कौतुक बाजूला ठेवून आधी त्याचे कान तपासावेत.

दुसरी एक गोष्ट मी संपूर्ण वगळली, आणि त्यावरून काही लोक नाराज झाले. सुनेच्या बोलीचे 'विनोद' मला भरभरून मिळाले. नागपूरकडची सून 'काय करून राहिले?' म्हणते, खानदेशातली 'डोळा'चं 'डोया' करते, कुणाच्या तोंडी 'पाणी'चं 'पानी' येतं, आणि पुण्या-मुंबईकडचं सासर ते नक्कल करून दाखवतं. यात चुकीचं ऐकलेलं काही नाही आणि चुकीचं उच्चारलेलंही नाही. ती तिच्या आईची भाषा आहे, आणि तिच्या गावात तोच बरोबर उच्चार आहे. ज्या जळगाव जिल्ह्यातून देशभर केळी जातात तिथले शेतकरी त्यांना 'केयी' म्हणतात; त्यांना केळ्याचं नाव कुणी शिकवावं? एका बाईंनी मला सांगितलं, की लग्नानंतरची कित्येक वर्षं त्या सासरी 'ळ' असलेले शब्दच टाळून बोलायच्या. ज्या हसण्यापायी त्यांनी असे शब्द टाळले, ते हसू या पुस्तकात यावं, असं मला वाटलं नाही. सातवाहनाच्या तळ्यावरचं हसू तेच होतं.

'ळ'चाच दुसरा किस्सा मात्र मी आनंदाने घेतला, कारण तो आजी-आजोबांनी आणि नातीने मिळून सांगितला. नात अमेरिकेत वाढलेली. तिथल्या मराठी मुलांना 'ळ' सहज येत नाही, कारण शाळेत दिवसभर तो ध्वनी कानावरच पडत नाही. व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, आज काय खाल्लंस? 'केलं.' काय केलंस? 'केलं!' अगं पण काय केलंस? शेवटी नातीने उठून साल काढलेलं केळं कॅमेऱ्यापुढे धरलं. तेव्हापासून त्या घरात कुणी काहीही केलं की 'केळं' म्हणतात. 'अभ्यास केळा का?' 'केळा.' नातीला आता 'ळ' उत्तम येतो. या खेळात तो शंभर वेळा म्हणावा लागला, त्याचाच हा परिणाम आहे असं तिची आजी म्हणते, आणि मला ते पटतं.

मांडणीबद्दल. प्रत्येक नोंदीत आधी घरचा शब्द, खाली मूळ शब्द, मग हकीकत, असा क्रम आहे. मूळ शब्द द्यायलाच हवा का, असं काहींनी विचारलं. हवा. सातवाहनांच्या त्याच पैठणात एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या हाती येतील त्या प्रती पडताळून, नकलांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. ते झालं नसतं तर ज्ञानेश्वरांचा शब्द कुठला आणि लिहिणाऱ्याच्या कानाचा कुठला, हे आज ओळखणं फार अवघड झालं असतं. घरच्या शब्दांची गंमतही मूळ माहीत असेल तरच टिकते. फणिवरबंधना विसरला गेला, की 'फळीवर वंदना' ही नुसतीच एक आरती उरते. म्हणून मुलाला मूळ शब्द जरूर सांगावा. सांगताना त्याचा शब्द मोडीत काढू नये, आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच सांगू नये.

ज्यांना आपल्या घरासाठी अशी वही करायची आहे, त्यांच्यासाठी मागे कोरी पानं जोडली आहेत. लिहिताना पोराच्या डोळ्यांपुढे कोणतं चित्र होतं ते विचारून लिहावं. तेच सगळ्यांत आधी विसरलं जातं. आणि विचारायचं ते आत्ता, ज्यांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला ती माणसं समोर असताना.

शेवटच्या भागातल्या शब्दांचं मूळ कळलेलं नाही. साताऱ्याकडच्या एका घरात भाताच्या तळाला धरलेल्या खरपुडीला 'मद्रास' म्हणतात. नागपूरच्या एका घरात दुपारच्या झोपेचं नाव 'वकील' आहे; 'जरा वकील घेते' असं तिथल्या तिन्ही पिढ्या म्हणतात. रत्नागिरीजवळच्या एका घरात निघतो निघतो म्हणत दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला 'त्रिंबकदोरी' म्हणतात. कुणाचं तरी पोर काहीतरी ऐकून असं म्हणालं असणार, एवढंच ही घरं सांगू शकतात. या नोंदींमध्ये मूळ शब्दाची जागा रिकामी सोडली आहे. या कुटुंबांच्या नात्यागोत्यातल्या कुणाला त्यातलं काही आठवत असेल, किंवा हेच शब्द दुसऱ्या कुठल्या घरातही चालत असतील, तर कृपया कळवावं. पुढच्या आवृत्तीत ते त्या जागी छापू.